उस्तादांच्या हातातला लोटा

सुट्टीहून परतलेल्या विद्यार्थ्याने आज श्रीगोंद्याहून वाढ्यासकट ऊस आणला. शेंड्याची ती पानं ओढताना माझं बोट कापलं आणि मदरशातली जुनी दुपार आठवली.

तेव्हा मी तिथे शिकत होतो. तेव्हाही उसाच्या पानाने असंच रक्त ओघळलं होतं आणि नेमकी नमाज पढवायची पाळी माझी होती. मी कोकणातला, शाफई पंथाचा. रक्त आलं तरी आमचा वजू, म्हणजे नमाजेआधी हात-पाय-तोंड धुऊन केलेली शुद्धी, तुटत नाही. मागे उभे राहणारे सगळे हनफी पंथाचे. त्यांच्या मते तुटतो. "पुन्हा वजू कर," ते म्हणाले. मी हट्टाला पेटलो. हेच मतभेद शिकवणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादांपुढे मी किताब उघडून धरली.

त्यांनी सावकाश वाचलं. "तुझं बरोबर हाय, बेटा." मग लोटा भरून आणला आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. "आता यांच्यासाठी कर."

ते पाणी ओतत होते आणि मी फुगून बसलो होतो, जिंकूनही हरल्यासारखा. बसताना त्यांना किती त्रास झाला, ते दिसलंच नाही.

"उस्ताद, तुमचा वजू तर टिकला ना?" माझ्या बोटाकडे बघत विद्यार्थ्याने विचारलं. तोही हनफी, आणि आता माझ्याच मागे नमाजेला उभा राहणार होता.

"टिकला," म्हणत मी लोटा भरायला उठलो. गुडघे कुरकुरले.