आजऱ्याच्या मातीचा काजू

माझी फजिती मीच सांगते, नाहीतर शाहूपुरीतले अण्णा तिखटमीठ लावून सांगतील.

आजऱ्यात माझा काजू फोडायचा छोटा कारखाना आहे. गर काढून आम्ही अण्णांना देतो, ते पुढं परदेशात पाठवतात. एके सकाळी अण्णांचा फोन. "सुनंदा, आफ्रिकेचं पावणं घेऊन येतोय. काजू बघायचाय त्यांना."

मी काय समजणार? गिऱ्हाईक. मोठं, परदेशी गिऱ्हाईक.

पाहुणे आले. एकच गृहस्थ, उंच, हसरे, हातात वही. त्यांचं इंग्रजी अण्णा मला मराठीत सांगायचे, माझं त्यांना. मी बशीभर गर पुढं ठेवला आणि सुरू झाले.

"ही चव आजऱ्याच्या तांबड्या मातीची हाय. जगात दुसरीकडं मिळायची न्हाय."

पाहुण्यांनी एक गर तोंडात टाकला, शांतपणे चावला आणि माझ्यामागच्या पोत्यांकडं बोट दाखवलं. अण्णांनी घसा साफ केला. "ते म्हणत्यात, त्या पोत्यांवर त्यांच्या गावाचं नाव हाय. बी त्यांच्या बागेतलं हाय."

आता काय सांगू तुम्हाला. इथलं बी थोडेच महिने पुरतं. बाकी वर्षभर कारखाना चालतो तो जहाजानं आलेल्या आफ्रिकेच्या बियांवर. आणि मी त्या बियांच्या मालकालाच माती शिकवत होते.

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. मी?

"बी तुमचं असंल," मी म्हटलं, "पण अख्खा गर काढणारा हात आमचा हाय. चला, दावते."

मग मी काय सांगायचं बाकी ठेवलं? बी किती वाफवायचं, किती गार होऊ द्यायचं, कटरवर कुठल्या अंगानं धरायचं, टरफलातल्या चिकानं हात भाजू नयेत म्हणून काय लावायचं, सगळं. पाहुणे भराभर लिहून घेत होते. अण्णा मागं सारखे खोकत होते.

"अण्णा, पाणी प्या की."

शेवटी पाहुण्यांनी वही मिटली आणि हात जोडले. अण्णा पडलेल्या आवाजात म्हणाले, "ते गावात स्वतःचा कारखाना काढत्यात. म्हणत्यात, बी आमचं आन् फोडणार दुसरं, असं किती दिवस चालायचं? मशिनी आल्यात, शिकवणारं कोण मिळंना. तू येशील का, इचारत्यात."

खरं सांगते, त्यांचं म्हणणं मला पटलं. आमचा गर परदेशात देखण्या डब्यात भरून दुसऱ्याच नावानं विकतात, तेव्हा मी तरी वेगळं काय बोलते? पण त्याहून खरं म्हणजे, मला माघार घ्यायची नव्हती.

"येणार की," मी म्हटलं. "आजऱ्याचा हात लागल्याबिगर तुमचा काजू अख्खा निघायचा न्हाय."

पाहुणे खूश होऊन गाडीत जाऊन बसले. अण्णा दारातच थांबले.

"जिकलीस, सुनंदा," ते म्हणाले. "आता पुढच्या वर्षी आपण काय फोडायचं, तेवढं सांग."