सायराकानने विकत घेतलेला चित्रपट

नारीन शहरातल्या चित्रपटगृहात सायराकान बावीस वर्षं तिकीटखिडकीवर होती. सख्ख्या दिरालाही तिनं कधी फुकट आत सोडलं नाही. बाजारात चित्रपटांच्या चोरट्या प्रती विकणाऱ्या ताबिल्दीला तर ती चारचौघांत चोर म्हणायची.

तिचा नवरा मुकाश मेंढपाळ होता. तरुणपणी एका चित्रपटात त्याला घोडेस्वारांच्या जमावात उभं केलं होतं. घोडा उधळतो, मुकाशची टोपी उडते आणि तो खळखळून हसतो, एवढंच. तो वारल्यावर त्याचं हलतंबोलतं रूप तेवढंच उरलं. एका परदेशी कंपनीच्या ॲपवर तो चित्रपट सापडला, तेव्हा स्वस्तातलं भाडं सोडून तिनं ‘कायमचा विकत घ्या’ हेच बटण दाबलं. रोज सकाळी चहा पिताना ती ते हसू बघायची.

मार्चमध्ये एके दिवशी चित्रपटच दिसेना. तिनं फोन लावला.

“हक्कांचा करार संपला, मॅडम,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“अगं, पण मी विकत घेतलाय ना!”

“चित्रपट नाही, तो पाहायची परवानगी घेतली होती तुम्ही.”

“मग बटणावर तसं लिहायला काय झालं होतं?”

“आणखी काही मदत करू का?”

चित्रपट दुसऱ्या कंपनीकडे गेला होता. तिथली वर्गणी भरली, तर ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’! सायराकानच्या मनात आलं: जन्मभर सरळ वागले, आणि माझ्याच घरातून माझा माणूस उचलून नेला यांनी?

दुसऱ्या दिवशी रुमाल कपाळावर ओढून ती ताबिल्दीच्या टपरीवर गेली.

“एजे,” थोरल्या बहिणीला म्हणतात तशी त्यानं हाक मारली, “वाट चुकलात, की मागून पोलीस येतायत?”

“टोमणे नंतर मार. तो घोडेस्वारांचा चित्रपट आहे का?”

ताबिल्दीचं हसू मावळलं. “मुकाशआकेंचा? आहे की.” त्यानं निमूटपणे पेनड्राइव्ह भरून दिला.

चित्र धुरकट होतं, खालून कसलीशी जुगाराची जाहिरात सरकत होती. मुकाश हसला. सायराकानला रडू फुटलं, पण त्यात दुःखापेक्षा संतापच जास्त होता. तिनं नवी वर्गणी बंद केली, जुनं ॲप फोनवरून काढून टाकलं.

शेजारची बुरुलचा नावाची बाई असलंच ॲप घ्यायचं म्हणत होती. सायराकाननं तिला थेट टपरी सांगितली.

“त्या चोराकडे जाऊ?” बुरुलचा बघतच राहिली.

“जा. एकदा दिलेलं तो परत तरी नेत नाही.”