पारूबाईचा उतरलेला आकडा

परवा पोशेऱ्याला गेले... पारूबाईचा डोस चुकला होता म्हणून. मी या भागातली सिस्टर, पंधरा वर्षं याच पाड्यांवर फिरते आहे.

सकाळी इतकं धुकं, की चार हातांपलीकडे रस्ता नाही. मध्येच ते विरळ व्हायचं, खुरासणीची पिवळी शेतं दिसायची, आणि पुन्हा सगळं नाहीसं. मी स्कूटी चालवते आहे की अजून अंथरुणातच आहे, कळत नव्हतं.

पारूबाईला अंडाशयाचा कॅन्सर आहे. नाशिकला ऑपरेशन झालं, केमोचे चार डोस झाले. मध्ये मध्ये सीए-१२५ नावाची रक्ततपासणी करतात. तो आकडा किती आणि कसा उतरतो, त्यावरून पुढचं कसं जाईल याचा डॉक्टर अंदाज बांधतात. गेल्या आठवड्यात पाचव्या डोसाला मात्र ती गेलीच नाही.

ओटीवर बसून नागली पाखडत होती. डोक्याला फडकं, शेजारी वाटीत गूळ आणि आमच्याच उपकेंद्रातल्या लोहाच्या लाल गोळ्या...

"का गं, गेली नाहीस?"

"नाय जायची. त्या दवानी रगत पिला माझा." तिनं पत्र्याच्या पेटीतून रिपोर्ट काढला. "ह्या बघ. पयला सहाशे होता. आता एकवीस. येवढा उतरल्यावर माणूस जगल का?"

घरात कुणाला बोलली नव्हती. गूळ आणि गोळ्या खाऊन आकडा वर आणायचा, आला तर नाशिकला जायचं, नाहीतर राहिलं... असा बेत.

मला आधी हसू आलं. मग फार लाज वाटली.

कारण हे तिला मीच शिकवलं होतं. तिच्या दोन्ही सुनांच्या बाळंतपणात, प्रत्येक शिबिरात... बोटाला सुई टोचायची, हिमोग्लोबिन सांगायचं आणि वर दम द्यायचा, आकडा वाढला पाहिजे हं! सात म्हटलं की बायका मान खाली घालतात, अकरा म्हटलं की खुलतात. रक्ताचा आकडा चढला की बरं, उतरला की वाईट, हे आमच्या पाड्यांवर लहान पोरीलाही पाठ आहे. उतरलेला चांगला असा एखादा आकडा असतो, हे तिला सांगणार कोण? नाशिकला सगळे घाईत, आणि मी धरून चालले होते की तिला ठाऊक असेल.

मी शेजारी बसले. म्हटलं, हा तुझ्या रक्ताचा आकडा नाही, पारूबाई. गाठ रक्तात जे सोडते ना, ते यात मोजतात. ते कमी झालंय.

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "म्हंजी सहाशे होता, तवा मी खुशीत पाडाभर सांगत फिरली."

काल सकाळच्या एसटीनं दोघी निघालो. खिडकीबाहेर धुकं, आत डुलक्या... घाट कधी संपला कळलंच नाही. ती माझ्या खांद्यावर निजली होती आणि मला मात्र एकच धास्ती, आठ दिवस वाया गेले त्याचं काय.

डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण डोस देता येईल. आकडा छान उतरलाय, लक्षण चांगलं आहे. पण नुसत्या आकड्यावर खात्री देता येत नाही.

मला वाटलं, आता ही उठते आणि थेट स्टँड गाठते.

"खात्री मागाया नाय आली," पारूबाई म्हणाली. "डोस लाव."

सलाइन सुरू झालं आणि तिचा डोळा लागला. आठच दिवस गेले, जास्त नाही... आभार कुणाचे मानावेत सुचेना, म्हणून तिचा मोकळा हात धरून बसून राहिले.