रुमालाखालची ॲडमिशन

आमच्या घरात आजवर सगळ्यात जास्त चौकशी करून आणलेल्या गोष्टी दोनच. एक बैलजोडी आणि दुसरं मुलीचं कॉलेज. बैलजोडीच्या वेळी माझी अक्कल ठिकाणावर होती.

मी वालूरचा. चार एकर शेती आणि आठवडी बैलबाजारात थोडीफार दलाली, असा आपला कारभार. वीस वर्षांत मला एकाही व्यापाऱ्यानं गंडवलेलं नाही, असं मी चारचौघांत छाती काढून सांगतो (बायको जवळपास नसेल तर). आमची वैष्णवी यंदा कला शाखेतून बारावी झाली आणि निकालाच्या पेढ्याचा घास तोंडात असतानाच म्हणाली, "पप्पा, मला पुढं इतिहास शिकायचाय."

पोरगी पहिल्यापासून तसलीच. लग्नाला गेली की मांडवात बसायची नाही. म्हाताऱ्यांना गाठून निजामाच्या काळातल्या गोष्टी विचारायची आणि वहीत उतरवून घ्यायची. एकदा नवरदेवाचे आजोबा हिच्याशी बोलत बसले आणि तिकडं अक्षता पडून गेल्या!

तिच्या मामाला मात्र हे खपलं नाही. मामांचं सेलूत औषधांचं दुकान आहे, त्यामुळं ते जगाकडं काउंटरच्या आतून बघतात.

"दाजी, इतिहास शिकून काय करायचंय? होऊन गेलेलंच हाय ते सगळं! नर्सिंगला टाका. माझ्या वळखीनं एक सीट हाय. निम्मे पैसे मी भरतो."

नर्सिंग वाईट नाही हो. चार घरं चालतात त्याच्यावर. पण आमची वैष्णवी शेळीला इंजेक्शन देताना बघून आडवी झाली होती. शेळी उभी, ही आडवी! डॉक्टरांना कळेना, आधी कुणाला बघावं.

"मग असं करा," मामा म्हणाले, "शुक्रवारी सांजपर्यंत परवडल असं कालेज दावा. न्हाई दावलं तर मी सीट पक्की करायलोय."

बायको भावाच्या बाजूनं. वैष्णवी नुसती माझ्याकडं बघत राहिली. ते बघणं मला सहन झालं नाही. मी ताडकन उठलो आणि म्हणालो, "तीस हजाराच्या आत कालेज आणून दावतो! न्हाई आणलं तर दलाली सोडतो!"

"आणतो म्हंजी? बैल हाय का ते?" बायको म्हणाली.

तिला काय माहीत! पारखायची रीत सगळीकडं एकच. बैल आधी मागून बघायचा, मग पुढून. म्हणून बुधवारी तालुक्याच्या एका कॉलेजात गेलो तो थेट इमारतीच्या मागं. तिथं मोडक्या बाकांचा ढीग, ढिगावर एक कोंबडी रवंथ केल्यासारखी डोळे मिटून बसलेली. मग ग्रंथालयात जाऊन इतिहासाच्या एका जाड पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. पुस्तक घरी नेल्याचा शेवटचा शिक्का पडला तेव्हा वैष्णवी अंगणवाडीत होती. चला पुढं!

गुरुवारी देवगाव फाटा. तिथं रस्त्याकडंला हा एवढा फ्लेक्स: 'भव्य इमारत, सुसज्ज वसतिगृह, कला शाखेत मोजक्या जागा.' फ्लेक्सखाली दोन शटर. एका शटरमध्ये टेबल, टेबलामागं एक संचालक.

"इमारत कुठं हाय?" मी विचारलं.

"मंजूर हाय."

"वसतिगृह?"

"ते इमारतीच्या वर हाय."

फी विचारली तर साठ हजार! मी उठलो. दारापर्यंत गेलो तर पन्नास झाली. गाडीला किक मारली तर संचालक पळत आले, "चाळीसला बसवा की! पोरगी हुशार दिसायलीय!"

वैष्णवी मागं बसून हसत होती. मी हसत नव्हतो. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. अरे, कॉलेजची फीसुद्धा बोलीवर असते तर! इतकी वर्षं लोक मुकाट्यानं सांगतील ते पैसे भरतात, कारण त्यांना बोली लावता येत नाही. आणि मला दुसरं येतंच काय?

शुक्रवारी परभणी. कॉलेज जुनं, दगडी. मी मागून बघितलं, बाजूनं बघितलं, नळाचं पाणी पिऊन बघितलं. ग्रंथालयातल्या पुस्तकावर गेल्याच महिन्यातला शिक्का! माल खरा होता. वैष्णवी तर पुस्तकांच्या कपाटासमोरून हलायलाच तयार नव्हती. तिचा चेहरा बघून मी मनात म्हटलं, आता काहीही होवो, सौदा इथंच करायचा.

"पप्पा, फी तिथं बोर्डावर लिवलीय," ती म्हणाली.

"बोर्डावरची किंमत खरी नसती. तू गप, मी बघतो."

कचेरीत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, फॉर्म तपासत होते. रिटायरला आलेला, शांत, जाड भिंगाचा माणूस. शेवटची तारीख म्हणून मागं ही लांब रांग. आता एवढ्या लोकांत किंमत बोलायची कशी? बाजारात आम्ही अशा वेळी रुमालाखाली हात धरतो. वर गप्पा पाऊसपाण्याच्या आणि खाली बोटं दाबून भाव. दोघांचं दोघांना कळतं, तिसऱ्याला पत्ता नाही.

मी खांद्यावरचा रुमाल काढला, बडे बाबूंच्या हातावर टाकला आणि खाली त्यांचा पंजा धरला.

बडे बाबूंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, पण हात काढला नाही. (माणूस तयारीचा आहे, मी ओळखलं.) एक बोट दाबलं. दहा हजार. हात गप्प. अर्धं बोट आणखी दाबलं. पंधरा. हात गप्प. बाजारात समोरचा हात गप्प राहिला की समजायचं, मालक मुरलेला आहे. दोन बोटं. गप्प! तीन बोटं. माझी हद्द संपली, आणि बडे बाबू मायेनं विचारतात, "पाणी पिता का?"

काय तो थंडपणा! मला घाम फुटला. डोळ्यांसमोर मामा आले, त्यांची ती सीट आली, आडवी झालेली वैष्णवी आली. मनातल्या मनात मी मोटारसायकल विकली आणि चौथं बोट दाबलं. काहीच नाही! मग रबीच्या हरभऱ्याची आशा सोडली, डोळे मिटले आणि पाचही बोटं घट्ट आवळली. पन्नास हजार!

"साहेब!" दारातून शिपाई ओरडला. "हे बाबा बडे बाबूला रुमालाखालून पैसे द्यायलेत!"

झालं! रांग मोडून पन्नास माणसं टेबलाभोवती. एकानं मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. दुसरा म्हणाला, "मला बी दावा, किती लागतेत!" आतून प्राचार्य आले.

"काय चाललंय इथं?"

मी खरं सांगून टाकलं, "काही न्हाई साहेब, सौदा चाललाय."

एवढं खरं बोलायची गरज नव्हती. प्राचार्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "हिचा फॉर्म बाजूला काढा," ते म्हणाले.

वीस वर्षांत बाजारात कधी मान खाली घातली नव्हती, ती तिथं घातली. माझ्या शहाणपणापायी पोरीचं कॉलेज गेलं होतं. घरी जाऊन तिच्या तोंडाकडं कसं बघणार होतो मी?

तेवढ्यात वैष्णवीच पुढं आली. म्हणाली, "सर, ही लाच न्हाई. ही बैलबाजारातली रीत हाय. भाव बाकीच्यांना कळू नये म्हणून कापडाखाली बोटं दाबतेत. एक बोट म्हंजी शंभर, हजार का दहा हजार, ते जनावर बघून दोघांनी समजून घ्यायचं. मुके बी असाच सौदा करतेत, परमुलखातले व्यापारी बी. भाषा लागतच न्हाई."

प्राचार्यांनी चष्मा काढला. ते इतिहासाचेच निघाले. "हे कुठं वाचलंस तू?"

"वाचलं न्हाई सर. पप्पासंग बाजारात जाऊन लिवून ठेवलंय. पाच म्हाताऱ्या दलालांना विचारलंय."

ते एकदम खुर्ची ओढून बसले. "आणा तो फॉर्म इकडं," म्हणाले. मग बडे बाबूंकडं वळले, "आणि तुम्ही हात का नाही काढून घेतला?"

"सर, दरवर्षी असे चार-दोन बाप येतेत," बडे बाबू ओशाळून म्हणाले. "लेकीला दूर ठेवायचं म्हणून त्यांचा जीव कालवतो. मला वाटलं, हे बी रडायलेत. म्हटलं, धरू द्यावा हात."

म्हणजे मी ज्याच्याशी अर्धा तास झुंजलो, तो माणूस माझं सांत्वन करत होता!

"बरं, तुम्ही बोली कितीपर्यंत नेलीत?" प्राचार्यांनी कौतुकानं विचारलं.

"पन्नास हजार," मी पुटपुटलो.

बडे बाबूंनी हळूच सांगितलं, "दादा, कॉलेज अनुदानित हाय. सगळं मिळून अकराशे चाळीस."

कोण आधी हसलं मला माहीत नाही. मोबाईलवाला शेवटचा हसला, कारण हसलं की त्याचं शूटिंग हलत होतं. मी अकराशे चाळीस मोजले, पावती घेतली आणि तिथूनच मामांना फोन लावून सांगितलं, "सीट दुसऱ्या कुणाला द्या. पोरगी इतिहास शिकायलीय!" त्यांनी कसं जमवलं विचारलं, तेव्हा गाडीवर आहे, आवाज येत नाही म्हणून सांगितलं.

वैष्णवी बाकावर बसून फॉर्मच्या राहिलेल्या जागा भरत होती. मी डोकावून बघितलं. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात तिनं नुसतं 'शेती' लिहिलं होतं.

"अगं, दलाली राहिली की!" मी म्हणालो.

"पप्पा," ती पेनाला टोपण लावत म्हणाली, "खाली सही करायची हाय. वरची सगळी माहिती खरी हाय म्हणून."