तारखा सासूने लिहिल्या

शालन सिस्टर गेल्या, हा फोन आला तेव्हा मी डोंबिवली स्टेशनबाहेर मासिक पाळीवरची पत्रकं वाटत होते. गठ्ठा मांडीवर घेऊन तिथेच पायरीवर बसले... त्याला आता महिना होईल.

कळव्याच्या कोळीवाड्यातल्या सिस्टर कल्याणच्या एका रुग्णालयात मानसिक आजारांच्या ओपीडीत होत्या. आमच्या महिला संघटनेचं पहिलं पत्रक त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. "अगं, एवढी उद्गारचिन्हं? वाचणारीला धाप लागेल!" मला राग आला. येणारच! बाई रडली की लोक म्हणणार डोकं फिरलं, ओरडली की अंगात आलं. पाळीची तारीख विचारायची मात्र सगळ्यांना लाज. सिस्टर ती ताप विचारावा तशी विचारायच्या, नवऱ्यासमोर, मोठ्याने.

मोहने गावातली रेखा मला त्या ओपीडीतच भेटली. सासू तिला घेऊन आलेली. "वेडी आहे असं लिहून द्या, माहेरी पोचवते. पोर मात्र आमच्याकडे राहील." रेखाने दोन वर्षांच्या लेकीला छातीशी घट्ट धरलेलं. मी तोंड उघडणार, तोच सिस्टरनी माझ्या पायावर पाय दिला आणि सासूला म्हणाल्या, "मावशी, तुमच्याइतकं हिच्यावर लक्ष कोणाचं आहे? ही कधी चिडते, कधी रडते, पाळी कधी येते, सगळं तुम्हीच कॅलेंडरवर लिहा. तीन महिने. मग डॉक्टर बघतील."

त्या गेल्यावर मी कडाडले, "सिस्टर, आरोपीलाच पंच केलंत!"

"लिहू दे गं. भांडायला तू आहेसच की."

तीन महिन्यांनी मावशी कॅलेंडर फडकवत आल्या. "सिस्टर, पोरीत खोट नाही. पाळीच्या आधीचा आठवडा मेला वाईट आहे!" डॉक्टरांनी औषध सुरू केलं. रेखा लेकीसकट त्याच घरी राहिली आणि त्या आठवड्यात भाकऱ्या मावशी थापू लागल्या. माझ्या एकाही पत्रकाने कुठल्या सासूला परातीपुढे बसवलेलं नाही.

शोकसभेला मावशी आलेल्या. चहा गार म्हणून मी एका कार्यकर्त्यावर खेकसले आणि मग रडूच फुटलं. मावशींनी दंड धरून मला कोपऱ्यात नेलं. "पाळी येऊन कितवा दिवस?"

मला पटकन सांगता येईना. गावभर पत्रकं वाटणारी मी... बोटांवर मोजलं. "दहावा. हे पाळीचं नाही, मावशी. सिस्टर..."

"मग रड," म्हणत त्यांनी पदर पुढे केला. "सिस्टर सांगायच्या, आधी विचारायचं. सगळंच काय पाळीचं नसतं."