तीन चाकांवर अडतीस मैल

आर्विड कांगासनं ट्रेलरच्या चौथ्या चाकाच्या हबवर, मधल्या लोखंडी तुंब्यावर, तळहात टेकवला, मनात तीन मोजले आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "थंड."

मार्लिसनं वहीत लिहिलं. बारा चाळीस. चारही थंड.

हब थंड आहे की तापलाय, हे आर्विडला ठाऊक नव्हतं. दोन हिवाळ्यांपासून त्याच्या बोटांना काही कळत नव्हतं. आधी पायांची बोटं बधिर झाली, मग टाचा, मग हातांची टोकं. साखरेचा आजार जुना होता, आणि त्यानं आपलं काम गुपचूप केलं होतं. आजवर मार्लिसची पाठ वळली की आर्विड मनगट टेकवून बघायचा. मनगटाला अजून समजायचं. पण आज नेवाडातला वारा बोचत होता, बाह्यांची बटणं लावलेली होती आणि मार्लिस वही घेऊन अगदी शेजारी उभी होती. बटण सोडायला लागला असता तर तिनं विचारलं असतं. म्हणून त्यानं नुसता तळहात ठेवला आणि शब्द उच्चारला.

खरं सांगणं म्हणजे स्टिअरिंग सोडणं. ट्रेलर जोडलेली गाडी मार्लिसनं कधी चालवली नव्हती. मिनेसोटातलं घर विकून बारा वर्षं झाली होती. मुलगी होती, पण तिच्याकडे दोन खोल्या आणि तीन पोरं. पिकअपमागं ही आठ मीटरची, चार चाकांची घरगाडी ओढत थंडीत दक्षिणेला उतरायचं, उन्हाळ्यात वर चढायचं, यापलीकडे दोघांना दुसरा पत्ता नव्हता. ती थांबली तर कुठं थांबायचं, याचं उत्तर आर्विडपाशी नव्हतं. म्हणून तो प्रश्नच पुढं येऊ देत नव्हता. ॲरिझोनातल्या दवाखान्यात डॉक्टर तळव्याला नायलॉनचा धागा टोचून बघायचा, तेव्हाही आर्विड त्याच्या मनगटाकडे बघून "कळलं" म्हणायचा. मनगट हललं की कळलं.

चौतीस वर्षं त्यानं लोखंडाच्या खाणीत माल वाहणाऱ्या पट्ट्यांची देखभाल केली होती. शेकडो रोलर, प्रत्येकाला दोन बेअरिंगं. हात लावून तो सांगायचा, हे उद्या जाईल, हे महिना काढेल. इंजिनियर कागद घेऊन यायचे, फोरमन म्हणायचा, कागद राहू द्या, कांगासला विचारा. रस्त्यावरही तेच झालं. संध्याकाळी घरगाड्यांच्या तळावर नव्यानं निघालेली जोडपी त्याच्याभोवती खुर्च्या ओढून बसायची. तो थोडकं बोलायचा. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवू नका, पाणी निघून जातं आणि उरलेलं तळाशी सिमेंट होतं. गाडी सोडवायच्या आधी चाकाला लाकडाचा अडसर लावा, जमीन कितीही सपाट दिसो. दिवसाला तीनशे मैलांच्या वर जाऊ नका, घाई झालेला माणूस जोडाच्या पिना विसरतो. आणि थांबलात की प्रत्येक हबला हात लावा, आतलं बेअरिंग जायला लागलं की तो तापतो. हात टिकत नसेल तर एक मैलही पुढं जाऊ नका.

मागल्या नाताळात मार्लिसनं त्याला दुरून तापमान दाखवणारं यंत्र आणून दिलं होतं. तो हसला होता. "हात कशाला दिलेत मग?" ते यंत्र खोक्यासकट खणात पडून होतं.

बावीस मैल गेल्यावर मार्लिस आरशात बघत म्हणाली, "आर्विड, धूर."

"ट्रकचा असेल."

"कुठल्या ट्रकचा? तासाभरात मेंढरू दिसलं नाही. आपलाच आहे. उजवीकडं, मागचं चाक."

त्यानं ब्रेक दाबला. पॅडल किती खाली गेलं हे पायाला कळत नव्हतं. पुढचं नाक वाकलं की पुरे, असं तो डोळ्यांनी ठरवायचा. या वेळी जास्त दाबला गेला. मार्लिस पट्ट्यात आदळली. गाडी कडेच्या खडीवर अर्धीच चढून थांबली.

तो उतरून मागं गेला. ग्रीस वितळून टायरवर काळे ओघळ आले होते. हबचं टोपण निळं पडलं होतं. एवढं डोळ्यांना दिसत असूनही त्यानं जन्मभराच्या सवयीनं तळहात टेकवला.

मार्लिस वळसा घालून आली. जळक्या ग्रीसच्या वासात तिला दुसरा एक वास आला.

"हात काढ! आर्विड, हात काढ तिथनं!"

त्यानं ओढला. कातडं लोखंडाला चिकटलं होतं. त्याला फक्त ओढ जाणवली, कोटाची बाही खिळ्यात अडकावी तशी. तळहात पांढरा आणि लाल दिसत होता, आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा आर्विड त्याकडे बघत राहिला.

तिनं त्याला घरगाडीत नेलं, नळ सोडला आणि मनगट धरून हात पाण्याखाली ठेवला. घड्याळ लावून वीस मिनिटं. मग स्वच्छ कापड गुंडाळताना म्हणाली, "कधीपासून?"

"आत्ताच, वाऱ्यानं हात गारठला म्हणून..."

"मला खुळी समजतोस?"

"मागल्याच्या मागल्या थंडीपासून."

"दोन वर्षं." ती वहीकडे बघत होती. "दोन वर्षं मी 'थंड', 'थंड' लिहितेय. थाप तुझी आणि अक्षर माझं."

"तुला सांगून काय झालं असतं?"

"मी हात लावला असता. मला दोन आहेत."

तो म्हणाला, "ओरडायचं ते ओरड. पण काम करता करता. उजेड साडेपाचपर्यंत आहे."

फोनला रेंज नव्हती. मागलं गाव ऐंशी मैल. पुढं अडतीस मैलांवर ग्रासियाना एचार्टचा तळ. मार्लिस म्हणाली, ट्रेलर सोडून नुसती पिकअप घेऊन जाऊ, उद्या माणूस आणू.

"घर आहे ते, मार्लिस. वळणावर, अर्धं रस्त्यावर. रात्री एक ट्रक आला की संपलं. नाही आला तर दाराची कडी तोडायला एक लाथ पुरते."

तिनं घराकडे पाहिलं. पडदे तिनं शिवले होते. ती म्हणाली, "सांग, काय करायचं."

त्याच्याकडे ग्रीस भरून ठेवलेली बेअरिंगं डब्यात होती. पण हबचं टोपण काढल्यावर दिसलं की आतलं बेअरिंग वितळून दांड्याला चिकटलंय. ते छिन्नीनं तोडावं लागतं, दांड्याला ओरखडा न पडता, आणि नंतरचा नट घट्टही नाही, सैलही नाही असा बोटांनी बसवायचा असतो. त्यानं डाव्या हातात छिन्नी धरली. दोनदा ती निसटून खडीत पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा त्याला ते आवाजानं कळलं. त्यानं छिन्नी पेटीत ठेवली आणि पेटी बंद केली. चौतीस वर्षांत त्यानं असं अर्धं काम सोडून पेटी बंद केली नव्हती.

"मग आता?"

"चाक काढायचं. एक्सलचं टोक साखळीनं वर बांधायचं. उरलेल्या तीन चाकांवर जायचं, सावकाश."

"जमतं असं?"

"लोक करतात. त्याच बाजूच्या पुढच्या टायरवर दुप्पट भार येतो. तो फुटला तर घर आडवं."

काम मार्लिसनं केलं. ती बहात्तर वर्षांची आणि पन्नास किलोची. नट हातानं हलेनात, तेव्हा लांब दांड्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली आणि उड्या मारल्या. सहा नटांना पाऊण तास. चाक उचलायचं नसतं, फावडं खाली सरकवून घरंगळवायचं असतं. हे आर्विड सांगत होता आणि त्याचा आवाज चढत होता.

"वरनं नाही, खालनं! साखळी खालनं घाल!"

"खालनंच घालतेय. डोळेही गेलेत का?"

जॅकनं एक्सल चढवला, साखळीचे दोन वेढे चेसिसला घेतले, आकडा अडकवला. त्या चाकाच्या ब्रेकची वायर कापून टोकांना चिकटपट्टी लावली. मग घर हलकं करायचं काम. साठवलेलं पाणी सोडून दिलं. ते वाळूत जिरताना दोघांनी पाहिलं. उजव्या बाजूची कपाटं रिकामी केली. डबे, भांडी, शिवणयंत्र, सगळं तिनं पिकअपच्या हौद्यात नेऊन ठेवलं. एकोणचाळीस खेपा. आर्विड डाव्या कोपराशी कवटाळून दर खेपेला एक डबा आणत होता, आणि त्यातले दोन त्यानं पाडले. त्या दोन तासांत दोन गाड्या गेल्या. एकही थांबली नाही.

चार वाजता तो चालकाच्या दाराशी गेला. मार्लिस आधीच तिथं उभी होती. किल्ली तिच्या मुठीत होती.

"बूट काढ."

"उशीर होतोय."

"उजवा बूट काढ, आर्विड."

तो पायरीवर बसला. बूट तिनंच ओढला, मोजा काढला. "डोळे मिट. कुठलं बोट धरलंय?"

वारा ट्रेलरच्या पत्र्याला वाजवत होता. "अंगठा," तो म्हणाला.

त्यानं डोळे उघडले. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. तिनं काहीच धरलं नव्हतं.

"या पायानं तू मला खिंडी उतरवल्यास," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "मागल्या आठवड्यात शाळेची बस होती आपल्या पुढं."

"बस मला आठवते."

"मला रोज आठवेल."

"मी थांबलो तर आपलं काय होणार ते सांग. सांग ना! कुठं जायचं? पोरीच्या स्वयंपाकघरात खाट टाकायची?"

"माहीत नाही," मार्लिस म्हणाली. "सरक तिकडं."

तिनं गाडी चालू केली. तो शेजारी बसला, डावा हात ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावायच्या खटक्यावर. तिला म्हणाला, वळणावर आधी सरळ पुढं जा, मग वळ, मागचं घर वळणाच्या आतून जातं. ताशी पंधरा मैल. दर पाच मैलांनी ती थांबायची, उतरायची आणि उरलेल्या तीन हबांना आणि उजव्या टायरला हात लावून यायची. परत येऊन काही सांगायची नाही. तो विचारायचा, "कसाय?" ती म्हणायची, "चालेल," आणि पुढं निघायची. विसाव्या मैलापाशी तिनं टायरवरून हात झटकन मागं घेतला. तिथं अर्धा तास थांबले. उजेड जात होता. तिनं पावाला पीनट बटर लावून दोन तुकडे केले. आर्विडला खाववेना. तिनं तो तुकडा त्याच्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, "साखर उतरली तर तुलाही हौद्यात टाकावं लागेल. जागा नाही तिथं."

शेवटची उतरण चार मैलांची होती. तिथं ती स्टिअरिंगवर पुढं झुकून बसली. आर्विडला फक्त खटका सांभाळायचा होता. अंगठा खटक्यावर आहे की नाही हे त्याला बघावं लागत होतं, म्हणून तो रस्त्याकडे न बघता स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसला. समोर काय आहे ते ती सांगत होती. "वळण. डावं. आता सोड. थोडा लाव. सोड." आयुष्यात पहिल्यांदा तो न बघता खाली उतरत होता.

ग्रासियाना कंदील घेऊन दारातच उभी होती. सत्तरीची, मेंढपाळाची लेक. तिनं आधी साखळी पाहिली, मग चालकाच्या जागी कोण आहे ते पाहिलं.

"काय गं मार्लिस, तीनचाकी केलीस? आणि या म्हाताऱ्याला कधीपासून मागं टाकलंस?"

"आजपासून."

ग्रासियानाचं हसू गेलं. कापड बांधलेला हात तिला दिसला होता. "जागा कुठली देऊ? सरळ आत येऊन सरळ बाहेर पडायची आहे एक. नेहमीची तुमची. नाहीतर मागं भिंतीशी आहे, उलटी घालावी लागेल."

सरळ जागा उद्या निघणाऱ्यांसाठी. भिंतीशी राहतात ते वर्षभर राहतात. त्यांच्या चाकांभोवती गवत वाढतं. आर्विड या माणसांशी कधी नीट बोलला नव्हता. तो पुढच्या काचेतून बघत म्हणाला, "सरळ जागा दे. बेअरिंग बदललं की..."

"भिंतीशी," मार्लिस म्हणाली.

ग्रासियाना कंदील हलवत पुढं चालायला लागली.

"मला उलटी घालता येत नाही," मार्लिस त्याच्याकडे न बघता म्हणाली. "कुणीतरी मागं उभं राहायला हवं. ग्रासियानाला सांगू?"

तो उतरला. घराच्या मागं जाऊन भिंतीशी उभा राहिला, डाव्या अंगाला, तिला आरशात दिसेल तिथं. बारा वर्षं ही जागा तिची होती आणि खिडकीतून ओरडायचं काम त्याचं होतं. त्यानं हात वर केले. ये, ये. डावीकडं. पुन्हा ये. ती हळूहळू येत होती, तीन चाकांवर, साखळी खडखडत. दोनदा तिरकी झाली, दोनदा तिनं पुढं घेतली आणि पुन्हा आली. एकदाही चिडली नाही.

भिंत दोन हातांवर आली. घर आता सरळ होतं. इथून ते पुन्हा कोण बाहेर काढणार, त्याला दिसत नव्हतं. त्याला फक्त मागचे लाल दिवे दिसत होते, आणि आरशात तिचं तोंड, त्याच्या हातांकडे लागलेलं. तो म्हणेल तोवर ती येत राहणार होती.

आर्विडनं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि एकमेकांवर आडवे धरले.

मार्लिसनं इंजिन बंद केलं.