खदानीच्या पाण्यातली बदकं

त्या पाण्याला कोणी निसर्गाची देणगी म्हटलं की माझं डोकं फिरतं. ती देणगी मी टोपलीने डोक्यावरून वाहिली आहे. आमगावहून गोरेगावकडे निघालं की डाव्या हाताला जे खोल, हिरवंनिळं पाणी दिसतं, तिथे माझ्या लहानपणी खदान होती. मंगनीजचा काळा, जड दगड तिथून निघायचा. पुरुष सुरुंग लावायचे, घनाने दगड फोडायचे आणि आम्ही पोरी-बाया तो टोपल्यांत भरून वर आणायचो. माझं लग्नही त्याच खदानीतल्या माणसाशी झालं. सासू खाली दगड वेचत होती, नवरा घन मारत होता, आणि मी हळद उतरते न उतरते तोच टोपली उचलली.

मग एकदा विलायतेत काळ्या दगडाला गिऱ्हाईक उरलं नाही म्हणे. कंपनीने यंत्रं उचलली, रूळ उखडून नेले आणि खड्डा आहे तसा टाकून दिला. दोन पावसाळ्यांत तो भरला. खालून झरे होतेच. पाणी इतकं नितळ, की वरून पाहिलं तर आम्ही चढायचो त्या पायऱ्या आत उतरताना दिसायच्या.

गावाला पोहायला अशी जागा कधीच नव्हती. गावच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, गुडघाभर चिखल आणि म्हशी. इथे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव लोटायचं. पोरं उंच कड्यावरून उड्या मारायची. आम्ही बाया पलीकडच्या अंगाला, लुगड्याचा काचा मारून, पालथी घागर छातीशी धरून तरंगायचो. माझी सासू तर घागरीशिवाय पोहायची. जन्मभर ओझ्याखाली वाकलेली ती बाई पाण्यात उताणी पडून आभाळाकडे बघत राहायची आणि म्हणायची, "आता कसं हलकं वाटून राह्यलं गा बाई!" काठावर बसून आम्ही मुरमुरे आणि लाखोळीचे भाजलेले दाणे खायचो. ज्या जागेने आमची हाडं मोडली, तिथे आम्ही हसत होतो. मला ते फार आवडायचं.

हिवाळ्यात त्या पाण्यावर बदकं उतरू लागली. थव्यांनी यायची. ही गोष्ट मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, कानावर गेली आणि त्याच्याकडून कोणा साहेबांच्या. एक दिवस आमराईत तंबू पडले. मालगुजाराचा दिवाणजी गावात फिरून सांगून गेला, "साहेब लोक शिकारीला आले आहेत. तळ्याकडे कोणी फिरकायचं नाही. आणि चांगले पोहणारे चार गडी पाठवा."

त्या चारांत माझा नवरा होता.

"तुमचं काय काम तिथं?" मी विचारलं.

"मेलेलं बदक पान्यात पडते. ते आनाचं."

"ते काम कुत्र्याचं. साहेबापाशी कुत्रे नाई का?"

"एकच आहे म्हने. आन् पानी लई थंडं आहे, तो उतरत नाई."

हे त्याने अगदी सरळपणे सांगितलं. कुत्र्याला थंडी वाजते म्हणून माझा नवरा पाण्यात उतरणार होता. सासू चुलीपाशी होती. तिने फुंकणी खाली ठेवली. खदान बंद पडल्यापासून मालगुजाराची जमीन आम्ही कसत होतो. नाही म्हणायची सोय कुठे होती?

सकाळी मला राहवलं नाही. खदानीतल्या मातीचा जो ढिगारा होता, त्याच्यामागे मी जाऊन बसले. धुकं नुकतंच फाटत होतं. काठावर खुर्च्या मांडल्या होत्या, एका टेबलावर किटली वाफाळत होती. तीन साहेब होते, एक मडम होती आणि मालगुजार त्यांच्यामागे उभा. त्याच्याच गावात मी त्याला कोणापुढे उभं राहिलेलं प्रथमच पाहिलं.

बंदुका वाजल्या. बदकं पाण्यावर पडली आणि चौघे लंगोटीवर आत शिरले. एकेक बदक दातात धरून आणायचे, कारण हात पोहायला लागत. काठावर हसू फुटत होतं. माझा नवरा दुसऱ्या खेपेला तळ्याच्या मध्यावर होता. एक साहेब ओरडला, "वो भी लाओ! पीछे, पीछे!" नवरा वळला, आणि त्याच वेळी उडून गेलेला थवा घिरटी घेऊन परत आला, पाण्याला टेकेल इतका खाली. दुसऱ्या साहेबाने बंदूक उचलली. खाली माणूस आहे हे त्याला दिसत होतं. मला ढिगाऱ्यामागून दिसत होतं, तर त्याला काठावरून दिसत नव्हतं?

बार झाला. नवरा एकदम खाली गेला. वर आला तेव्हा एकच हात चालत होता.

मी ओरडत काठाकडे धावले. दिवाणजीने मला अडवलं. बाकीच्या तिघांनी त्याला ओढत आणलं. खांद्यात आणि कोपरात छर्रे घुसले होते. ज्याने बार काढला तो साहेब जवळ आला, वाकून पाहिलं, दारूची बाटली नवऱ्याच्या तोंडाला लावली आणि मडमेला काहीतरी म्हणाला. ती आधी घाबरली होती, मग हसली. मालगुजार माझ्याकडे न बघता म्हणाला, "काही नाही झालं. घरी ने याला." आम्ही अर्ध्या वाटेवर असू, तोच मागे पुन्हा बंदुका वाजल्या.

सासूने सुई तापवून छर्रे काढले. कोपरातला एक काही निघेना. नवरा दात आवळून पडला होता. "चुकून लागलं त्याले," एवढंच तो म्हणाला.

सासू हात धुऊन उठली आणि घरोघर गेली. काय बोलली ते मी ऐकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना आम्ही खदानीवर गेलो तेव्हा गावातल्या बहुतेक बाया होत्या. प्रत्येकीजवळ घागर. पाणी असं गार की श्वास अडकला. गळ्यापर्यंत उतरलो आणि घागरी बडवायला लागलो. सगळी बदकं एकदम उठली आणि तळं सोडून पार निघून गेली.

साहेब आले तेव्हा तळ्यात फक्त आम्ही होतो.

दिवाणजी काठावर नाचू लागला. "निघा बाहेर! साहेब लोक उभे आहेत, दिसत नाही का?"

"आमी आंग धुऊन राह्यलो," सासू म्हणाली.

"हे काय आंग धुवायचं ठिकाण आहे?"

"मंग कायचं आहे? हा खड्डा मी खनला. तुमी खनला का?"

"गोळी घालतील साहेब!"

"काल घातली नं. आज आमाले घाला म्हना. आन् बदक समजून उचलाले तुमी या पान्यात."

मी घागर अशी बडवली की तिला पोचा पडला. काल नवऱ्याला लागलं तेव्हा रडू आलं नव्हतं. आता येत होतं, आणि ते रागाचं होतं. दिवाणजीला आत उतरता येईना. ओल्या लुगड्यातल्या बायांना हात कोण लावणार? साहेब थोडा वेळ उभे राहिले, एकमेकांत बोलले आणि वळले. दुपारी तंबू निघाले.

त्याची भरपाई मालगुजाराने आमच्याकडून करून घेतली. जमीन काढून घेतली. तळ्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं. ते बायांनी जळणाला नेलं. पुन्हा घातलं, पुन्हा नेलं. पुढच्या हिवाळ्यात साहेब काही आले नाहीत. पण नवऱ्याचा कोपर कायमचा आखडला. घन मारणारा माणूस एका हाताने गुरं वळू लागला. मी जंगलात लाकडं तोडायला जाऊ लागले. सासू त्या थंडीनंतर खोकत राहिली आणि आंबे पिकायच्या आत गेली.

राज्य बदललं, मालगुजारी गेली. नवरा म्हातारपणी पारावर बसून ती गोष्ट सांगायचा. "साहेबानं मले बदकच समजलं गा!" असं म्हणून आखडलेला हात पंखासारखा हलवायचा. लोक पोट धरून हसायचे, तोही हसायचा. त्याला त्या साहेबाचा राग कधी आलाच नाही. मला साहेबाचा तर यायचाच, नवऱ्याचाही यायचा. मी पारावरून उठून घरी निघून यायचे, आणि तो जेवायला आला की ताट जरा आपटूनच ठेवायचे.